शुद्ध म्हणजे कशापासून शुद्ध?



माझ्यासमोर टेबलावर दोन बाटल्या आहेत. दोन्हींत पाण्यासारखा नितळ, पण पाण्यापेक्षा दाट असा द्रव आहे. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव गोड. चव मी घेतलेली नाही, पुस्तकात वाचलेली आहे, आणि तुम्हीही कधी घेऊ नका. एका बाटलीत आहे ग्लिसरीन. खोकल्याच्या औषधात असतं, टूथपेस्टमध्ये असतं, थंडीत टाचा फुटल्या की आपण लावतो तेच. दुसऱ्या बाटलीत आहे डायएथिलीन ग्लायकॉल. हे रेझिनच्या कारखान्यात लागतं, ब्रेक ऑइलमध्ये लागतं. माणसाच्या पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं. आता सांगा, ग्लिसरीन कुठल्या बाटलीत आहे?

पडद्यावर बघून सांगता येणार नाही, आणि इथे समोर येऊन बसलात तरी नाही. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी कलत्या केल्या तर ग्लिसरीन जरा जास्त हळू ओघळतं हे खरं, पण त्यात पुरेसं पाणी मिसळलं की तोही फरक गेला. मलासुद्धा ओळखता येत नाही, म्हणून मी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. तर आज बोलायचं आहे ते या चिठ्ठीबद्दल. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच बाटलीत आहे, आणि दुसरं काही नाही, हे कळतं कसं?

मी बडोद्याची. गुजरातच्या रासायनिक पट्ट्यात तीसेक वर्षं कारखान्यांच्या क्यूसी लॅबमध्ये काढली. क्यूसी म्हणजे येणारा माल आणि जाणारा माल तपासून त्यावर सही करणारे लोक. सही माझी असायची, त्यामुळे या विषयाचं प्रेम कमी आणि धास्ती जास्त.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. टीएचएफ नावाचं सॉल्व्हंट आलं, ड्रमात. सॅम्पल काढलं, गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे जीसीवर चालवलं. कागदावर एकच उंच शिखर, बाकी किरकोळ टेकाडं. उत्तर आलं 99.8 टक्के. मर्यादा होती 99.5. सही केली, माल पास. दोन दिवसांनी प्लँटमधून बोलावणं आलं. ग्रिग्नार्ड अभिक्रिया लावली होती, मॅग्नेशियम घालून, आणि ती काही केल्या सुरूच होत नव्हती. ज्यांना ही अभिक्रिया माहीत आहे त्यांना एव्हाना कळलं असेल. ग्रिग्नार्डला पाण्याचं वावडं असतं, आणि त्या टीएचएफमध्ये पाणी होतं. अर्ध्या टक्क्याहून जास्त.

मी कागद घेऊन भांडायला गेले. 99.8 आहे हो, बघा ना. तिथले प्रॉडक्शनचे साहेब शांतपणे म्हणाले, "बेन, तुमचा आकडा बरोबर आहे. पण हे मशीन पाणी बघतं का?"

बघत नव्हतं. आमच्या जीसीला जो डिटेक्टर होता त्यात एक छोटी ज्योत असते. पदार्थ त्या ज्योतीत जळतो, जळताना आयन तयार होतात, त्यांचा बारीकसा विद्युतप्रवाह मोजला जातो. पाणी जळत नाही. पाण्याचं शिखर त्या कागदावर उमटतच नाही. म्हणजे माझे 99.8 टक्के हे ड्रमातल्या मालाचे 99.8 टक्के नव्हतेच. ज्यांनी हात वर केले त्यांच्यातले ते 99.8 टक्के होते. सभेत ज्यांनी हात वर केला नाही त्यांची मोजदादच झाली नव्हती. पाण्यासाठी कार्ल फिशर नावाची वेगळी चाचणी असते. ती लॅबमध्ये होती, पण त्या मालाच्या यादीत लिहिलेली नव्हती, म्हणून मी केली नाही.

त्या दिवशी नुकसान झालं ते पैशांचं. कुणाला इजा झाली नाही. पण तेव्हापासून बाटलीवर टक्केवारी दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: हे कुठल्या पद्धतीने? आणि दुसरा लगेच: त्या पद्धतीला काय दिसत नाही?

आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, कस. सोनार काळ्या दगडावर सोनं घासतो, रेघ उमटते, त्या रेघेवर आम्ल लावतो आणि रंग बघून कस सांगतो. कसोटी हा शब्द तिथलाच. पद्धत उत्तम आहे, पण रेघ उमटते ती दागिन्याच्या वरच्या थराची. आत तांबं असेल तर दगडाला ते कसं कळणार? दगड खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो.

प्रत्येक चाचणीचं असंच असतं. कॉलेजात आपण द्रवणांक काढतो. काचेच्या बारीक नळीत चिमूटभर पावडर, शेजारी थर्मामीटर, आणि हळूहळू तापवायचं. बेन्झोइक आम्ल शुद्ध असेल तर 122 अंशांच्या आसपास झटकन वितळतं. अशुद्ध असेल तर आधीच ओलसर दिसायला लागतं आणि चार-पाच अंश रेंगाळत वितळतं. यामागचं कारण तुम्ही कुल्फीवाल्याकडे पाहिलेलं आहे. तो मटक्यात बर्फावर मीठ टाकतो ना? मीठ मिसळल्यावर बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो. परका पदार्थ मिसळला की द्रवणांक घसरतो, इतकी साधी गोष्ट.

यातला एक प्रयोग मला अजून आवडतो. युरिया वितळतो सुमारे 133 अंशांना. सिनॅमिक आम्लही वितळतं सुमारे 133 अंशांनाच. दोन पांढऱ्या पावडरी, आकडा एकच. नुसत्या आकड्यावर गेलात तर फसलात. मग जुने रसायनशास्त्रज्ञ काय करायचे? हातातली अनोळखी पावडर खात्रीच्या युरियात मिसळायचे आणि पुन्हा वितळवायचे. तोच पदार्थ असेल तर आकडा 133 वरच राहतो. वेगळा असेल तर मिश्रण कितीतरी आधी, शंभरीच्या आसपास वितळतं. कसलंही महागडं यंत्र नाही, आणि उत्तर पक्कं. पण याच पद्धतीला वाळू दिसत नाही बरं का! वाळू वितळलेल्या पदार्थात विरघळत नाही, त्यामुळे द्रवणांक घसरत नाही. वाळू शोधायची तर पावडर जाळून मागे राख किती राहते ते बघावं लागतं.

आता इथपर्यंत आपण गृहीत धरलं की अशुद्धी चुकून आली आहे. पण कुणी मुद्दाम घातली असेल तर? मग खेळ बदलतो, कारण भेसळ करणाऱ्याला तुमची चाचणी माहीत असते. दुधाचंच बघा. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. पाणी घातलं की घनता उतरते आणि माणूस पकडला जातो. म्हणून हुशार माणूस आधी साय काढतो. साय हलकी असते, ती काढली की घनता वाढते. मग तो पाणी घालतो आणि आकडा बरोबर जागेवर आणून ठेवतो. दोन चोऱ्या, आणि लॅक्टोमीटर म्हणतो ठीक आहे. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं गेलं ते असंच. तिथे प्रथिनं थेट मोजत नव्हते, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधत होते. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली.

आता या दोन बाटल्यांकडे परत येऊ.

1986 साल. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुंबईला भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारीत रुग्ण एकाएकी दगावायला लागले. मूत्रपिंडं बंद पडत होती. त्या काळी मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी रुग्णाला ग्लिसरीन पाजत असत. या सगळ्यांना ते दिलं गेलं होतं. चौदा जण गेले. तपासल्यावर त्या ग्लिसरिनचा जवळजवळ पाचवा हिस्सा डायएथिलीन ग्लायकॉल निघाला. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, तेव्हाची वर्तमानपत्रं त्या साक्षींनी भरलेली असायची. आमच्याकडे मराठी पेपर एक दिवस उशिरा यायचा. आई मोठ्याने वाचायची, आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघून विचारायची, "हे तुम्ही लोक तपासत नाही का गं?"

मला ते लागलं, कारण त्याच टर्ममध्ये आम्ही प्रॅक्टिकलला ग्लिसरीन ओळखायची चाचणी केली होती. परीक्षानळीत ग्लिसरिनचे थेंब, त्यावर पोटॅशियम बायसल्फेट, आणि तापवायचं. अ‍ॅक्रोलीन तयार होतं. नाकात झोंबणारा, जळक्या तेलासारखा वास. वास आला, वहीत लिहिलं: ग्लिसरीन आहे. दहापैकी दहा.

आता त्या जे. जे.च्या ग्लिसरिनवर हीच चाचणी केली असती तर? वास आलाच असता. त्यात ऐंशी टक्के ग्लिसरीन होतं की! चाचणी विचारते "ग्लिसरीन आहे का?" उत्तर "आहे". "आणखी काय आहे?" हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. ओळख पटवणं वेगळं आणि शुद्धता तपासणं वेगळं, हे मला वर्गात नाही, त्या आईच्या प्रश्नाने समजलं.

मग तपासायचं कसं? घनता घ्या. शुद्ध ग्लिसरिनची घनता 1.26, डायएथिलीन ग्लायकॉलची 1.12. फरक चांगला आहे. पण औषधात पुष्कळदा 85 टक्क्यांचं ग्लिसरीन वापरतात, उरलेलं पाणी. त्याची घनता 1.22. कुणी पाणी कमी ठेवलं आणि त्या जागी ग्लायकॉल घातलं, तर आकडा ओढूनताणून जागेवर आणता येतो, साय काढलेल्या दुधासारखाच. अपवर्तनांक घ्या, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते. 85 टक्क्यांच्या ग्लिसरिनचा 1.45 च्या आसपास, आणि शुद्ध डायएथिलीन ग्लायकॉलचा 1.447. इथे तर भेसळ करणाऱ्याला काही करायलाच नको. एका चाचणीत दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात, दुसरीत वेगळे. म्हणून दोन्ही करायच्या, आणि तरीही त्यांच्यावर विसंबायचं नाही.

खरी चाचणी ती, जी दोघांना एकमेकांपासून बाजूला काढते. जीसी ते करतं. आणि जीसी नसेल तर काचेची पट्टी आहे, टीएलसी. पट्टीवर सिलिकाचा पातळ थर. खालच्या कडेजवळ तीन ठिपके द्यायचे: एक खात्रीचं ग्लिसरीन, एक डायएथिलीन ग्लायकॉल, मधे आपलं सॅम्पल. पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी करायची, टीपकागदासारखं सॉल्व्हंट वर चढतं. ग्लिसरिनला तीन ओएच गट आहेत, ते सिलिकाला जास्त चिकटून बसतं, मागे राहतं. ग्लायकॉलला दोनच, ते पुढे जातं. मग पट्टीवर परमँगनेट लावलं की जांभळ्या रंगावर पिवळट ठिपके दिसतात. सॅम्पलच्या रांगेत ग्लायकॉलच्या उंचीला ठिपका दिसला की माल अडवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने तोंडावाटे घ्यायच्या द्रव औषधांसाठी दोन पायऱ्यांची पद्धत दिली आहे, तीही हीच: आधी टीएलसी, संशय आला तर जीसी. थोडक्यात, ही चाचणी परवडत नाही असं म्हणायला कुठल्याही औषध कारखान्याला जागा नाही.

मर्यादा आहे 0.1 टक्का. हजारात एक भाग.

तरीही हे पुन्हा पुन्हा होतं. 1937 साली अमेरिकेत शंभराहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून हे विष जगाला माहीत आहे. 1995-96 मध्ये हैतीत तापाच्या सिरपमधून ऐंशीहून जास्त मुलं गेली. तिथलं ग्लिसरीन चीनमधून निघून युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या हातांतून गेलं होतं. अशा प्रवासात ड्रम तोच राहतो आणि कागद बदलत जातात. मालासोबत एक दाखला येतो, सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस, आम्ही त्याला सीओए म्हणतो. एका व्यापाऱ्याचा सीओए दुसरा आपल्या लेटरहेडवर उतरवून घेतो, दुसऱ्याचा तिसरा. शेवटच्या कागदावर तपासणीचे आकडे असतात, पण ड्रम उघडून सॅम्पल कुणी काढलं होतं ते कळत नाही. मी असे सीओए पाहिले आहेत ज्यात दोन वेगळ्या बॅचचे सगळे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे होते. निसर्गात असं होत नाही. असं झालं की समजावं, मोजलं नाही, टाइप केलंय.

आणि सॅम्पल काढायचं किती ड्रमांमधून? कारखान्यांत एक जुना हिशोब चालतो, वर्गमूळ अधिक एक. शंभर ड्रम आले तर वर्गमूळ दहा, अधिक एक, म्हणजे अकरा ड्रम उघडायचे. आता शंभरात एकच ड्रम बदललेला असेल, तर तो अकरात सापडण्याची शक्यता अकरा टक्के. एकोणनव्वद टक्के वेळा तो तुमच्या समोरून प्लँटमध्ये जाईल. पांढऱ्या खडूची पोती असतील तर चालेल हो हा हिशोब. पण ज्या मालात एक ड्रम चुकला तर मुलं मरतात, तिथे प्रत्येक ड्रम उघडला पाहिजे.

अमेरिकेच्या फार्माकोपियाने 2009 साली ग्लिसरिनबाबत एक बदल केला, तो वरवर कारकुनी वाटतो. ग्लायकॉलची चाचणी त्यांनी अशुद्धींच्या यादीतून उचलून ओळखीच्या यादीत टाकली. याचा अर्थ काय? अशुद्धीचे आकडे औषध बनवणारा पुरवठादाराच्या सीओएवरून, त्याची विश्वासार्हता तपासून, मान्य करू शकतो. ओळख मात्र स्वतःच पटवावी लागते. म्हणजे यापुढे ग्लिसरिनची ओळखच अशी: जे ग्लिसरीन आहे आणि ज्यात ते दुसरं नाही. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीतलं वाक्य त्यांनी दुरुस्त केलं असं मला वाटतं.

आपल्याकडे 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. खोकल्याचं सिरप, तमिळनाडूत बनलेलं. लहान मुलांची लघवी बंद झाली. कित्येकांना आई-बाप घाईघाईने नागपूरला घेऊन आले. विसाहून जास्त मुलं गेली. तमिळनाडू सरकारच्या प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं 48.6 टक्के. मर्यादेच्या जवळजवळ पाचशेपट. हा आकडा ऐकून मला माझ्या धंद्याची लाज वाटली. 0.1 आहे की 0.15 हे ठरवायला चांगलं यंत्र आणि चांगला माणूस लागतो, तिथे चूक होऊ शकते. 48 टक्के दिसायला काचेची पट्टी पुरते. म्हणजे इथे चाचणी कमी पडली असं म्हणायला मी तयार नाही. ज्या बाटलीवर कुणाची तरी सही होती, ती बाटली त्या प्रश्नासाठी तपासलेलीच नसणार.

1 जून 2023 पासून आपल्या देशातून बाहेर जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपला सरकारी किंवा मान्य प्रयोगशाळेचा दाखला लागतो. गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर हा नियम आला, चांगलंच झालं. पण तो निर्यातीला होता. छिंदवाडा परदेशात नव्हतं.

मला लोक विचारतात, घरी काही करता येईल का? ग्लायकॉल घरी तपासता येत नाही. फ्रीजमध्ये ठेवून, काडीला लावून जाळून, कशानेही नाही. असं सांगणारे व्हिडिओ फिरतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पण दोन गोष्टी करता येतात. पहिली, लहान मुलाला खोकल्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा लागत नाहीत. दुसरी, औषध सुरू असताना मूल उलट्या करायला लागलं, मलूल झालं, आणि मुख्य म्हणजे लघवी कमी झाली किंवा थांबली, तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या. विष वेळेत ओळखलं तर त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे. आणि जाताना सिरपची बाटली सोबत घ्या, धुऊन नाही, आहे तशी, तळाशी चमचाभर उरलं असेल तरी. डॉक्टरांना बॅच नंबर दाखवा. पट्टीवर ठिपका द्यायला एक थेंब पुरतो.